वकीलसाहेबांचं 'मले काय माहीत'

काहीही विचारा, वकीलसाहेब आधी कोटाची बाही झटकत आणि मग म्हणत, "मले काय माहीत!" पंखा कोणी बंद केला, आज कोणाची तारीख आहे, सगळ्याला उत्तर हेच. दारव्ह्याच्या कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी. आपल्याकडे या शब्दांचा अर्थ 'ठाऊक नाही' असा नसतो; 'मी नाही त्यातला', नाहीतर 'हे मला मुळीच मान्य नाही' असा होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

कायदा वाचायचा त्यांना मनापासून कंटाळा. पक्षकार आला की मात्र पुस्तक उघडं दिसे. पान दर वेळी तेच.

तांड्यावरच्या एका विधवा बाईचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. तिच्या घरापुढचं अंगण आपलं आहे, ती ते आपल्या परवानगीनं वापरते, असा दावा तिच्या दिरानं लावला होता. अंगण गेलं की तिला स्वतःच्या दारात जायलाही त्याची मर्जी सांभाळावी लागणार. प्रत्येक तारखेला ती यायची. "मी समदं सांगीन साहेब. ओटा कोणं बांधला, गाय कुठी बांधत होतो, समदं!"

"तुले पिंजऱ्यात उभं करतो ना. घाई कायची?" साहेब बाही झटकत.

दाव्याला कोर्टात द्यायचा लेखी जबाब लिहिताना साहेबांनी दाव्यातला एकेक परिच्छेद तिला वाचून दाखवला, तेवढं श्रेय देऊ. प्रत्येकावर ती चिडून म्हणाली, "मले काय माहीत!" म्हणजे साफ खोटं. आणि या महापुरुषानं लिहिलं, 'प्रतिवादीस माहीत नाही.' ज्याचा जन्म हे वाक्य फेकण्यात गेला, त्यालाच ते कळू नये!

दिराच्या वकिलानं लगेच अर्ज दिला. जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरा, मग साक्षीपुरावा कशाला? कोर्टानं ते मानलं आणि एकही साक्षीदार न तपासता दावा मंजूर केला. कोर्टापुढे कागद होता, बाईचा आवाज नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, हे काय लिहून बसलात?"

"ते बोलली तसंच लिहिलं ना बाप्पा! अपील हाये न वरतं."

बाईला निकाल न कळवताच अपिलाची मुदत त्यांनी आरामात जाऊ दिली आणि वकिली सोडून मुलाकडे नागपूरला राहायला गेले. निरोपाला कुणीतरी त्यांना 'कोणालाही न दुखावणारा वकील' म्हटलं. शाल मिळाली. मी टाळी वाजवली नाही.

पुढच्या आठवड्यात ती बाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"दिरानं अंगणात कुंपण घातलं साहेब. म्हणते, निकाल लागला. मी तं आजून बोललीच नाही. मंग निकाल कायचा लागला?"