फायरप्लेसवरची तुळई

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उभं आयुष्य बांधकामात गेलं. भिंतीला तडा गेला की त्याला कारण असतं, एवढंच मला कळतं. पण आता पंच्याहत्तरी आली... आणखी किती दिवस गप्प बसू?

वीसेक वर्षांपूर्वी इथे सिंगापुरात एका मालकाने इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या सराईचा ओक लाकडाचा सांगाडा रेस्टॉरंटसाठी आणवला. तो उभारायचं काम माझ्याकडे होतं. फायरप्लेसवरच्या जाड तुळईवर कंपासने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं होती. मला वाटलं, कुणा रिकामटेकड्याचे उद्योग! सुतार सेल्वमला म्हटलं, "रंधा मार."

"नको सर. हे राखणीचं आहे. आम्ही तमिळ लोक दारात कोलमची रांगोळी काढतो ना, तसं. धुराड्यातून काही आत येऊ नये म्हणून."

"इथे धुराडं आहेच कुठे? नुसती शोभेची फायरप्लेस!" मी हसलो आणि मालकाला न विचारता स्वतःच रंधा मारला.

दुसऱ्या सकाळी तुळईवर जळल्याचा डाग — थेंबाच्या आकाराचा, बोटभर लांब. मग रोज एक नवा. मालक भडकला.

"सर, मी नाही केलं," सेल्वम म्हणाला.

मला ते ठाऊक होतं. रात्री जागेला कुलूप लागायचं आणि किल्ली माझ्याच खिशात असायची. पण चौकशी झाली तर रंध्याचं बाहेर येईल, या भीतीने मी रिपोर्टमध्ये लिहिलं — सुताराचा निष्काळजीपणा. त्याचं वर्क परमिट रद्द झालं. जाताना तो एवढंच म्हणाला, "दार तुम्ही उघडलंत सर. आता तुम्हीच सांभाळा."

आता मी इथल्याच क्वीन्सटाउन भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या महिन्यात माझ्या खोलीच्या चौकटीवर तोच डाग उमटला. मग पलंगावर, उशाशी.

सूनबाई कडाडली, "बाबा, खोलीत निरांजन लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं? घर पेटवायचंय का?"

"अगं, मी नाही केलं."

"आजोबा, डोन्ट ब्लफ लाह!" सोफ्यावरून नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, थापा मारू नका.

मुलाने फोनमधून मान वर केली नाही. "पुन्हा दिसला, तर पुण्याचं तिकीट काढतो. तिथल्या वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय."

हे डाग कशाचे, मला सांगता येत नाही. सेल्वमचा खूप शोध घेतला, सापडला नाही. म्हणून इथे लिहितोय — त्याने काहीच केलं नव्हतं. तो रिपोर्ट खोटा होता.

लिहायला बसलो तेव्हा टेबल स्वच्छ होतं. आता कागदाखालचं लाकूड गरम लागतंय... मुलगा विचारेल. सेल्वमने सांगितलं, तेच मी सांगेन — मी नाही केलं. मुलाने तरी का ऐकावं?