पाचव्या नावाशी थांबलेलं लग्न

माझं लग्न माझ्या सख्ख्या चुलत्याच्या मुलाशी झालंय. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत यात सांगण्यासारखं काही नाही; मुलगी घरातच राहिली म्हणून आजी उलट खूश होती. पण दुबईत, जबल अलीच्या ऑफिसात जेवताना हे मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा तिच्या हातातला घास तसाच राहिला.

"दीदी, सगा? दोनों का सेम दादा?"

ती इथिओपियाची, ओरोमो जमातीची; हिंदी इथे येऊन शिकलेली. मुसलमान तीही. पण त्यांच्यात बापाकडून सात पिढ्या मोजतात आणि त्यात एक पूर्वज जरी सामाईक निघाला, तरी ती दोघं भाऊबहीण. मला हसूच आलं. सात पिढ्यांची नावं कुणाला ठाऊक असतात, असं विचारलं तर म्हणाली, "हमको."

तिचं लग्न ठरलं तो मुलगाही ओरोमो, शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजचा सुपरवायझर. लहानपणीच आईबाप गेले, मामाकडे वाढला. त्याला आजोबांच्या पुढचं एकही नाव येत नव्हतं. मामाने सांगितलेलं कूळ तिच्या कुळाहून वेगळं होतं, त्यावर विश्वास ठेवून सगळ्यांनी होकार दिला होता.

पण निकाहाला पूर्वजांची नावं न येणारा नवरा म्हणजे सासरी चेष्टाच. त्यांच्याकडे एका विद्यापीठात ओरोमो संस्कृतीची संशोधन संस्था आहे. तिथले लोक गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून जुने कायदे, गाणी, वंशावळी रेकॉर्ड करून ठेवतात. या पठ्ठ्याने त्यांना कळवलं, माझ्या वडिलांच्या गावचं काही असेल तर बघा. आणि सापडलं! त्याच्या आजोबांच्या भावाचा आवाज. तो म्हातारा आता हयात नाही.

संस्थेचा संशोधक शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ते ऐकवणार होता, आणि मैत्रिणीचे वडील व्हिजिट व्हिसावर आले होते, त्यांचीही वंशावळ रेकॉर्ड करणार होता. ती राहायची शेअरिंगच्या खोलीत, म्हणून हा सोहळा अल बर्शाला माझ्या घरी. मी शीरखुर्मा केला. तिने त्यांच्या रिवाजाप्रमाणे माझ्या तव्यावर कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. घरचंच कार्य असल्यासारखी मी मिरवत होते.

आधी वडिलांनी आपली नावं सांगितली, डोळे मिटून, न अडखळता. मग संशोधकाने रेकॉर्डिंग लावलं. मेलेल्या म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज. मुलगा पुढे सरकून बसला, प्रत्येक नाव ओठांनी घोळवू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या नावाला वडिलांचा आवाजही त्यात मिसळला. मला वाटलं, जावयाचं कौतुक म्हणून साथ देतायत! सहावं नाव रेकॉर्डिंगमधला म्हातारा आणि वडील, दोघांनी मिळून म्हटलं. सातवंही. आणि मग वडील वळून मुलाकडे बघतच राहिले. पलीकडे संशोधकाने रेकॉर्डिंग थांबवलं.

कुणी मला काही समजावून सांगितलं नाही. तव्यावर बिया करपल्याचा वास आला तरी मैत्रीण हलली नाही, तेव्हा मला कळलं, पाचव्या नावापासून दोघांचे पूर्वज एकच होते.

मी तिला ओढतच किचनमध्ये नेलं. "बोल ना, रेकॉर्डिंग खराब है! नाम दूसरा है! तेरे अब्बा मान जाएँगे."

"दीदी, वो मेरा भाई है."

"कसला भाई!" मी मराठीतच ओरडले. पाच पिढ्यांपूर्वी मेलेला माणूस येऊन दोघांचं लग्न मोडतो, हे मला झेपतच नव्हतं. त्या संस्थेचा मला इतका राग आला! तो आवाज मातीत गेला असता तर काय बिघडलं असतं? "थोडा झूठ बोल दे," मी हातापाया पडल्यासारखं म्हटलं.

"अब्बा के सामने? नहीं."

बाहेर आलो तर वडिलांनी मुलाला शेजारी बसवलं होतं आणि ते त्याच्याकडून पाचव्या नावापासून पुढची नावं म्हणून घेत होते. तो रडत होता आणि म्हणत होता. ज्याला कुणीच नव्हतं त्याला एका दुपारी अख्खं घराणं मिळालं होतं, आणि बायको गेली होती. मला तिथे उभं राहवेना.

निघताना वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या माझ्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवून मुलीला काहीतरी विचारलं. त्यांच्या हिशेबाने मी तर भावाशीच लग्न केलेलं! तिने शांतपणे उत्तर दिलं. म्हातारा समाधानाने हसला आणि दुआ पुटपुटला.

लिफ्टपाशी मी तिला विचारलं, "अब्बा ने क्या पूछा?"

"पूछा, ये आदमी किस ख़ानदान का है."

"मग? तू क्या बोली?"

"बोली, दूर का है, अब्बा. बहुत दूर का."