इंजिनाचं दातेरी कडं

आमच्या घरात एका इंजिनाला स्वतंत्र खोली आहे. मला नाही.

मैसूरला आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. मी हायस्कुलात गणित शिकवते आणि त्या शेडमध्ये फळा लावून शिकवण्या घ्यायच्या, हा माझा घर बांधल्यापासूनचा बेत. पण शेडला दार बसायच्या आत तिथे एक लोखंडी नांगर आला. मग एक पेरणीयंत्र आलं, उसाचा चरक आला, कडबा कापायचं यंत्र आलं. माझी दहावीची मुलं अजूनही आमच्या हॉलमध्ये, चपला सोफ्याखाली सरकवून समीकरणं सोडवतात.

हे सगळं आणणारे आमचे हे, सुधाकर, आयुष्यभर विम्याच्या कचेरीत होते. यांच्या सात पिढ्यांत कुणी शेती केलेली नाही. आजोबा कापड रंगवायचे, वडील शाळामास्तर. स्वतः यांनी कुंडीतली तुळस दोनदा वाळवून दाखवली आहे. पण कुठल्या गोठ्यामागे गंजलेलं अवजार दिसलं, की हे गाडी थांबवतात आणि जुना शाळासोबती भेटल्यासारखं त्याच्या पाठीवर हात फिरवतात.

अवजारं निदान पलंगाखाली मावत नाहीत. जाहिराती मावतात! कंपन्या शेतकऱ्यांना वाटायच्या ती जुनी विक्रीपत्रकं यांनी दोन ट्रंका भरून जमवली आहेत, प्रत्येक पत्रक प्लास्टिकच्या पाकिटात. त्यांतल्या शेतकऱ्याचं धोतर परीटघडीचं असतं, बैल हसत असतात आणि चिखल कुठेही नसतो. शिवाय प्रत्येक वस्तूला हे एक कार्ड बांधतात, कानडी, मराठी आणि इंग्रजीत: वस्तूचं नाव, कुठे मिळाली, आधीचा मालक कोण. (आमच्या लग्नाच्या अल्बमवर अजून साधं नावसुद्धा घातलेलं नाही.)

तीन वर्षांपूर्वी सरगूरच्या एका बागायतदाराकडून हे इंजिन आलं. विहिरीवर पाणी खेचायचं, एकाच सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना गाडीच्या चाकाएवढी चाकं. टेम्पोतून उतरवताना सुट्या भागांची गोणी फाटली आणि अंगणभर नटबोल्ट उधळले. यांनी गुडघ्यांवर रांगत ते गोळा केले. मी दारात उभी राहून म्हणाले, "अहो, घरात कधी केर तरी काढलात का असा?"

त्याच आठवड्यात मीही एक प्रश्न सोडवला. आमच्याकडे सासूबाईंचं एक पितळी पातेलं आहे, गोल बुडाचं. सारू त्यातच होतं. (सारू म्हणजे रस्सम. मैसूरच्या मराठी घरात आमटीपेक्षा तेच जास्त शिजतं.) टेबलावर ठेवलं की पातेलं डुगडुगायचं आणि कुणाच्या तरी मांडीवर सारू सांडायचं. कढीपत्त्याच्या झाडाखाली मला एक जाडजूड लोखंडी कडं पडलेलं सापडलं. घासलं, धुतलं, तेलाचा हात दिला आणि पातेल्याखाली अडणी म्हणून ठेवलं. पातेलं जे बसलं, ते हललं नाही! वस्तू वाया घालवायची नाही, हे मी वर्गात आणि घरात सारख्याच आवाजात सांगते. त्या दिवशीही सांगितलं.

इकडे इंजिन काही चालू होईना. हँडल मारलं की हँडलच गरगर फिरायचं, आतला दांडा जागचा हलायचा नाही.

"हँडल आणि दांडा यांना जोडणारा एक भाग हरवलाय," हे म्हणाले.

"कसा दिसतो तो?"

"तेच तर माहीत नाही ना!"

मग शोध सुरू झाला. आम्ही तीनदा सरगूरला गेलो. बागायतदाराच्या विहिरीचा काठ मी स्वतः काठीने उकरला, तोंडाने अखंड बोलत. येलवालचा लेथवाला म्हणाला, "सार, चित्र तोरसी. चित्र दाखवा, मग करून देतो." चित्र कुठून आणणार? शेवटी त्याने अंदाजाने एक तुकडा करून दिला. पहिल्याच हँडलला तो सुटला, कंपाउंडची भिंत ओलांडून गेला आणि शेजारच्या गौरम्मांच्या वाळत घातलेल्या पापडांत उतरला. गौरम्मांनी तो चिमट्यात धरून परत आणून दिला, एक शब्दही न बोलता. त्यांचं ते न बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

तेव्हा मी निकाल दिला. "यंदा विजयादशमीला माझा वर्ग शेडमध्ये सुरू होणार. त्याआधीच्या सोमवारपर्यंत इंजिन चालू करा. नाहीतर गुजरीवाला येऊन घेऊन जाईल." (गुजरीवाला म्हणजे आमच्याकडचा भंगारवाला.)

यांनी एकदा शेडकडे बघितलं आणि म्हणाले, "आयतु, ठीक आहे. दिला शब्द."

आमच्या ह्यांचे दोष मोजायला मला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, पण दिलेला शब्द हे मोडत नाहीत. त्यामुळे मी लगेच फळा विकत आणला.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, नंजनगूडहून नंजुंडय्या जेवायला आले. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. तरुणपणी हीच इंजिनं गावोगाव विकत फिरलेले. यांनी कुठून कुठून पत्ता काढला होता, कारण त्यांच्या पेटीत त्या इंजिनाचं मूळ पत्रक होतं. जेवणाच्या टेबलावर, सारूच्या पातेल्याशेजारी, त्यांनी ते उलगडलं. पहिल्या पानावर डोक्यात मोगऱ्याचा गजरा माळलेली एक बाई एका हाताने हँडल फिरवत हसत होती.

"घरातली बाईसुद्धा चालू करेल!" नंजुंडय्या खणखणीत आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांचा विक्रीचा सूर उतरला नव्हता.

"आणि हे बघा सुटे भाग," यांनी पान उलटलं. "हा! हाच तो भाग! बघ वत्सला, एक कडं आहे. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला तीन तिरपे दाते."

मी बघितलं आणि माझ्या हातातला डाव हातातच राहिला. ते कडं मी तीन वर्षं रोज घासत होते. तिन्ही दाते मला पाठ होते. त्यातल्या एकाचा कोपरा किंचित उडालाय, हेही मला माहीत होतं.

"कुठे पडलं असेल गं?" यांनी विचारलं.

"भात घ्या," मी म्हणाले.

"अगं, चित्र बघ ना."

"बघितलं. सारू वाढू?"

आमची मुक्ता, कॉलेजात शिकते, तिने हात पुढे केला. "आई, पातेलं इकडे सरकव."

"नको! गरम आहे."

"रोज सरकवतो की!"

"आज जास्त गरम आहे. तू ताट पुढे कर."

पातेलं संपत आलं. रिकामं पातेलं कुणीही उचलणार! मी आत गेले आणि पाहुण्यांसाठी कढईत जास्तीचं केलेलं सारू तांब्याने आणून त्यात ओतलं. मुक्ता बघतच राहिली. "आई, पातेलंच आत न्यायचं ना? काय चाललंय तुझं?"

"काही नाही."

चाललं होतं गणित. मी गप्प राहिले, तर उद्या इंजिन जाईल आणि गुरुवारी, विजयादशमीला, फळा लागेल. एक समीकरण, एक अज्ञात संख्या, आणि तिची किंमत फक्त मला ठाऊक. मुलांना मी असली गणितं डोळे मिटून सोडवायला सांगते. नंजुंडय्यांना मी चौथ्यांदा सारू वाढलं. "अम्मा, साकु, साकु!" म्हणत ते ताटावर आडवे हात धरत होते.

"चित्र मिळालं म्हणजे आता भाग करून घेता येईल," मुक्ता म्हणाली.

नंजुंडय्यांनी मान हलवली. "हे ओतीव काम, लेथवर व्हायचं नाही. ओतायला पंधरा दिवस, आणि दसऱ्याच्या आठवड्यात भट्टी कोण पेटवणार?"

यांनी पत्रकाची घडी केली. अगदी सावकाश, मूळच्या दुमडींवर. "हे पत्रक मात्र मला द्या, नंजुंडय्या. इंजिन नाही तर नाही, निदान त्याचं चित्र राहील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वत्सला, गुजरीवाल्याला दहाला बोलाव. मी सकाळीच देवळात जाईन. उचलताना बघायला नको."

भांडले असते तर मला जमलं असतं. भांडायला मी तीन वर्षं तयार होते. पण हे नुसते भात कालवत बसले, आणि भातावर सारूसुद्धा घेतलं नव्हतं.

आता सरळ माणसाने सरळ कबूल केलं असतं. मी गणिताची बाई, मी तिसरा मार्ग काढला. "ऐका," मी मोठ्या मनाने म्हणाले, "पंधरा दिवस आणखी घ्या. माझा वर्ग थांबेल." म्हणजे इंजिनही वाचेल आणि माझी अडणीही. मला माझंच कौतुक वाटलं.

यांचे डोळे भरून आले. "बघितलंत, नंजुंडय्या? ही अशी आहे! तोंडाने फटकळ, पण मन बघा! मी हिच्या वर्गाची जागा अडवली, आणि ही स्वतःच..." त्यांनी डोळे पुसले. "आज तू बस गं. उभी राहून सगळ्यांना वाढतेस. आज मी वाढतो तुला!"

आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच, आमच्या ह्यांनी मला वाढायला सारूचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं.

टेबलावर कडं राहिलं.

पहिले नंजुंडय्या उठले. पंच्याने धरून त्यांनी ते उलटं केलं. तीन तिरपे दाते! पातेलं हवेत धरून हे तसेच उभे.

"हे... कधीपासून इथे आहे?"

"तीन वर्षं," मी म्हणाले. आणि अशा वेळी जे करायचं ते केलं. उलट चढले! "रोज समोर बसून जेवता! एकदा तरी पातेल्याखाली बघायचं!"

"भरलेलं पातेलं उचलून खाली कोण बघतं?"

"सरगूरच्या विहिरीत कोण बघतं मग?"

"विहिरीत तूच काठी घालत होतीस!"

मुक्ता हसून हसून टेबलावर आडवी झाली. नंजुंडय्या मात्र कडं उजेडात फिरवत होते. "गंजाचा एक ठिपका नाही! अम्मा, रोज धुतलंत, पुसलंत, तेल लावलंत. कंपनीच्या गोदामातसुद्धा इतकी निगा नव्हती." चांगला विक्रेता कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी गुजरीवाला आला, चहा पिऊन गेला. बुधवारी आयुधपूजेला इंजिनाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, कोहळा फुटला. हँडल मी मारायचं, असं यांनी पत्रकावर बोट ठेवून सांगितलं. चित्रातली बाई एका हाताने मारते. मी दोन्ही हात, एक पाय आणि सगळी ताकद लावली. तिसऱ्या फेरीला ते धडधडलं! झेंडूची माळ चाकात अडकून सगळ्यांवर फुलांचा मारा झाला, गौरम्मा भिंतीपलीकडून ओरडल्या (अखेर बोलल्या!), आणि पहिल्या काळ्या धुराला, माझी खात्री आहे, हिंगाचा वास होता.

इंजिन राहिलं. फळा हॉलमध्ये लागला. कड्याला यांनी रीतसर कार्ड बांधलंय, तिन्ही भाषांत. कुठे मिळालं: जेवणाचं टेबल. आधीची मालकीण: सौ. वत्सला.

तेव्हापासून हे जेवायला बसण्याआधी टेबलावरचं प्रत्येक भांडं उचलून खाली बघतात. मी म्हणते, बायकोवर इतका अविश्वास बरा नाही. गेल्या गुरुवारी त्यांनी सारूचं पातेलं उचललं आणि बराच वेळ तसेच धरून उभे राहिले.

"वत्सला," ते शांतपणे म्हणाले, "हे पेरणीयंत्राचं चाक आहे."

मला माहीत होतं हो! पण सासूबाईंचं पातेलं पुन्हा डुगडुगत होतं.