पिस्तूल जमा करून घ्या

"मावशी, परवाना नंबर सांगा," हवालदार म्हणाला. त्याच्यासमोर टेबलावर सायलीचं पिस्तूल पेटीत होतं, सायली माझ्या मागे उभी होती. पेटी उघडल्यापासून त्याने खुर्ची जरा मागे घेतली होती.

"परवाना न्हाई," मी म्हणाले.

"म्हंजे बिनपरवाना हत्यार? गुन्हा दाखल करावा लागंल."

"आवं, याला परवाना लागतच न्हाई. हवेवर चालतं हे."

"मग हे हत्यार न्हाई."

"मग जाते घिऊन."

"तसं कसं? पिस्तूल हाय न्हवं? निवडणूक हाय. जमा करायचं."

"करा की जमा."

"नंबराशिवाय कसं करणार?"

हे तीनदा झालं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या हवालदाराची अजून बदली झालेली नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नेमबाजीच्या रेंजवर काम करते. टार्गेटचे कागद बदलते, छर्रे गोळा करते, रजिस्टर ठेवते. पोरं दहा मीटरवरून नेम धरतात. छर्रा मसुराएवढा, मधलं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. एअर पिस्तुलात दारू नसते, दाबलेली हवा असते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करतात. खेळाची पिस्तुलं त्यातून वगळा, असे अर्ज मी दर निवडणुकीला देते. आवक शिक्का मिळतो. उत्तर मिळत नाही.

या वेळी तर ठाण्यातून फोनच आला, सगळी पिस्तुलं आणा. आधी रेंजवरच्या सायलीचं एकटंच नेलं, कारण तिची निवड चाचणी शनिवारी सांगलीत होती. ती चुकली की वर्ष गेलं. दुसऱ्याचं पिस्तूल घेऊन चालत नाही. लाकडी मूठ ज्याच्या त्याच्या पंजाप्रमाणे कानशीने घासलेली असते. दुसऱ्याची चप्पल घालून शर्यत पळण्यासारखं होतं ते.

बाकावर एक पांढऱ्या कपड्यांतला कार्यकर्ता चहा पीत होता. त्याच्या कमरेला खरं पिस्तूल होतं.

"ह्यांचं जमा न्हाई व्हय?" मी विचारलं.

"त्यांच्या जिवाला धोका हाय."

"कुणापास्नं?"

"ते उमेदवारी जाहीर झाल्यावर कळंल," कार्यकर्ता स्वतःच म्हणाला.

सायली माझा पदर ओढत म्हणाली, "आक्का, ठिवूया हितंच. केस झाली तर आयुष्यभर नडंल." ती रडायच्या बेतात होती. मी तिला गप्प बसवलं आणि पेटी उचलून साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. हवालदार मागोमाग आला.

साहेबांनी हवालदाराचं ऐकलं, माझं ऐकलं, पेटीत डोकावून पाहिलं.

"मावशी, रजिस्टरला परवाना नंबराचा कॉलम आहे. तो मोकळा ठेवला तर वरून मला विचारतील. हे जमा होणार नाही."

"सायेब, मी तर जमा करायला आलीया. उद्या तुमीच म्हणणार, म्हातारीनं आणलंच न्हाई."

"नाही म्हणणार."

"मग लिवून द्या, घेत न्हाई म्हणून. आन् का घेत न्हाई, तेबी लिवा."

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. काम घेण्यापेक्षा टाळण्याचा कागद सोपा. त्यांनी सांगितलं, हवालदाराने लिहिलं. "सदर वस्तू शस्त्र नसल्याने ठाण्यात जमा करून घेता येत नाही." खाली सही, गोल शिक्का. वर मलाच ताकीद दिली, "पुन्हा ही वस्तू घेऊन इथं यायचं नाही."

"न्हाई येत," मी म्हणाले.

शनिवारी सांगलीच्या रस्त्यावर नाकाबंदीत गाडी अडवली. पेटी उघडल्यावर तिथल्या शिपायानेही आधी मागे पाऊल घेतलं. मी कागद दाखवला. त्याने शिक्का दोनदा वाचला आणि हाताने पुढची खूण केली, जा. सायली सहावी आली. आठ जणी घ्यायच्या होत्या.

आता रेंजवरच्या प्रत्येक पेटीत त्या कागदाची झेरॉक्स आहे. सवलतीच्या अर्जांना उत्तर अजून नाही. मीही आता सवलत मागत नाही. कुठल्याही कचेरीत गेले की एवढंच म्हणते, आमचं काम तुमच्याकडं का होत नाही, ते तेवढं लिहून द्या.