छातीइतकं पाणी

घरी पोहण्याचा तलाव बांधायला खर्च किती येतो, हा प्रश्न यवतमाळात फारसा कुणाला पडत नसे. आमच्या घराला तो पडला, तोही कापसाने अख्ख्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलेलं असताना. हौस म्हणून नव्हे. त्या पावसाळ्याच्या शेवटी आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा डावा पाय तिचं ऐकेनासा झाला. नागपूरहून व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पाण्यात अंग हलकं होतं, तिथे चालवा. पहिले काही महिने मोलाचे, नंतर पाय हट्टी होतो. गावातल्या तलावात उतरायला उभी लोखंडी शिडी होती. तिच्यावरून आईला उतरवणं शक्यच नव्हतं. म्हणून बाबांनी घरामागच्या मोकळ्या जागेत तलाव बांधायचं ठरवलं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म धरणं आणि कालवे पाहण्यात गेलेला, त्यामुळे पाणी म्हटलं की त्यांना आधी साठा दिसे. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आर्णीकडचा. तो विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेला. असे दोघे सल्लामसलतीला बसले.

“भाऊजी, दोन पुरुष पाणी नसन त त्याले पोहणं म्हनतच नाही,” मामा म्हणाला.

एकावर एक उभी दोन माणसं बुडतील एवढी खोली बाबांनाही पटली. एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला खोल वगैरे भानगडी शहरी लोकांच्या, असं दोघांचं एकमत झालं. आई आतल्या खोलीत पलंगावर होती. तिला कुणी बाहेर आणलं नाही.

ठेकेदार मिळाला तो कापसाच्या जिनिंगचे शेड बांधणारा. त्या वर्षांत नवा शेड बांधणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे कमी दरात आला. कापूस वाहणाऱ्या ट्रॉल्याही रिकाम्या उभ्या होत्या. त्या माती वाहायला आल्या. लोकांच्या मंदीत आपलं काम स्वस्तात होतंय, याची बाबांना लाज वाटायची. कुणी विचारलं तर ते सांगत, “पाण्याची टाकी बांधून राह्यलो.” शेजारच्या काकूंनी लगेच उन्हाळ्यासाठी दोन हंडे पाण्याचा शब्द घेऊन टाकला.

तलावाचा खर्च कशाकशाने वाढतो, हे मग एकेक करून कळत गेलं. आमची गल्ली अरुंद, जेसीबी आत वळेना. म्हणून खोदाई हाताने. जमीन काळी, कापसाची. ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा भिंतीला छळते. मुरूम लागेपर्यंत ती काढून टाकावी लागते, आणि मुरूम काही लवकर लागेना. जितकं खोल जावं तितकी भिंत जाड, लोखंड जास्त, पाणी गाळायचं यंत्र मोठं. आमच्या बोअरला होळीनंतर नुसती हवा यायची, म्हणजे टँकर आले. लोडशेडिंग होतंच, म्हणजे जनरेटरही आला. ठेकेदार दर आठवड्याला नवीन आकडा सांगायचा आणि बाबा पुन्हा भिंतीवरच्या दाबाचं गणित करायला बसायचे. गणित बरोबर असायचं. मला त्या गणिताचा राग यायचा.

मग ऐन थंडीत अवकाळी पाऊस झाला आणि खड्ड्याची एक बाजू आत कोसळली. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. काम थांबलं. डॉक्टरबाई दर खेपेला विचारायच्या, “पाणी आलं का?” आणि बाबा त्यांना खड्ड्याची हकीकत सांगायचे.

एका सकाळी बाबा, मामा आणि ठेकेदार खड्ड्याच्या काठावर उभे राहून हुज्जत घालत होते. मी आईला मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर आणून बसवलं होतं. तिने बराच वेळ ऐकून घेतलं.

“अहो,” ती म्हणाली, “मी त्यात उभी राह्यली त पाणी मले कुठवर येईन?”

बाबा उत्तर द्यायला वळले आणि थांबले.

“डोक्यावरून जाईन,” ते म्हणाले.

“मंग मी चालू कुठं?”

“हळूहळू पोहायले शिकशील ना ताई,” मामा म्हणाला.

“मले पोहायचं नाही रे. एकटीनं संडासात जाता आलं पाहिजे, बस.”

ठेकेदाराने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. “साहेब, पहलेच सांगायचं ना, बिमार माणसासाठी हाय म्हनून. मले वाटलं, पोट्टे पोहतीन.” त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आईचं आजारपण आम्ही चारचौघांत काढत नसू.

बाबांनी आईला दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिच्या बगलेखाली दोन्ही हात घालून त्यांनी तिला धरून ठेवलं. माणसांसमोर त्यांनी तिला असं धरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ठेकेदाराने कानावरची पेन्सिल मला दिली आणि तोंड फिरवलं. मी तिच्या छातीपाशी चौकटीवर रेघ ओढली. आईचा पाय थरथरत होता.

रेघ चार फुटांच्याही खाली होती. मग सगळंच आटोपशीर झालं. खड्डा मुरूम टाकून, ठोकून वर आणला. भिंत बारीक झाली, यंत्र लहान आलं, टँकर कमी लागले. शिडीऐवजी रुंद पायऱ्या आणि कडेने धरायला पाइप बसवला. होळीच्या आसपास पाणी भरलं आणि आई त्यात उतरली. पाइप धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तेव्हा मामा लहान पोरासारखा रडला. मीही.

डॉक्टरबाईंनी तिचा पाय हातात घेऊन वाकवून पाहिला. “पाणी छान आहे,” त्या म्हणाल्या. “थोडं आधी मिळालं असतं तर टाच टेकली असती. आता काठी राहणार, आणि सोबतीला कुणीतरी.” बाबा शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बाबा पंचा गुंडाळून त्या पाण्यात उतरायला लागले. आईचे दोन्ही हात धरून ते उलट पावलांनी चालत, आणि ती त्यांच्याकडे येत राही. टाकी नसून तलाव आहे, हे तोवर गल्लीभर झालं होतं. येणारे-जाणारे हमखास विचारत, साहेब, याले किती लागले?

“एक हिवाळा,” बाबा सांगत.

विचारणाऱ्याला वाटे, ते बांधकामाचा वेळ सांगताहेत.