उपरण्याबाहेरचा भाव

महारुद्रअप्पांवर अन्याय झाला तो ते गेल्यावर बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजता, जनावरांच्या बाजारतळावर घातलेल्या मंडपात, माईकवरून. मी तिथं होतो म्हणून वेळ-वार सांगू शकतो. ज्या दलालांनी या माणसाला त्याच बाजारतळाच्या फाटकातून आत येऊ दिलं नाही, त्यांचा म्होरक्या उठला, गळ्यातलं उपरणं सारखं केलं आणि म्हणाला, "अप्पांची चिकाटी आपण सगळ्यांनी घेण्यासारखी आहे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग अप्पांच्या नावानं दरसाल एक चिकाटी पुरस्कार द्यायचंही जाहीर झालं, आणि चहा आला... बाजाराच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात असे बाजार भरपूर आहेत आणि प्रत्येकात असा एक म्होरक्या आहे. ज्यांना गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

अप्पांचं तेलगावात सरकीच्या पेंडीचं दुकान. वय साठीच्या आसपास, शाळा सातवीपर्यंत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि अंगाला बारा महिने पेंडीचा वास. हा माणूस दर बुधवारी सकाळच्या एसटीनं दोन तास हादरे खात अंबाजोगाईला यायचा. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तासाच्या भाड्यानं इंटरनेट मिळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढायचा आणि क्लासवाल्या सरांना म्हणायचा, "चला, दुकान उघडा." दुकान म्हणजे इंटरनेटवरचं एक फुकट मिळालेलं पान. त्यावर शेळ्या, बोकड, गाई, म्हशी, बैल. कुठल्या गावचं, किती दाती म्हणजे वय काय, दूध किती आणि भाव काय, असं सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. विकलं गेलं तर शेकडा एक रुपया अप्पांचा. तीन वर्षं हे चाललं. एसटीचा संप झाला तेव्हा अप्पा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आले होते. म्हणून त्या बुधवारी दुपारचा एक वाजला तरी खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा सर मला म्हणाले, "काहीतरी झालंय." तेलगावला फोन लावला. पहाटेच गेले होते, झोपेत. वही पिशवीत भरून उशाशी ठेवलेली होती.

माझी त्यांची ओळख त्याच क्लासमध्ये झाली. दोन हजार साल होतं. मी आमच्या संघटनेचं पत्रक टाइप करून घ्यायला गेलो होतो. मथळा होता 'संगणक हटवा, रोजगार वाचवा'. शेजारच्या खुर्चीतून एक म्हातारा डोकावला.

"काय बे, ज्याला हटवायचं त्याच्यावरच लिवायलास व्हय?"

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला उत्तरं पाठ होती. जागतिक भांडवल, खुली बाजारपेठ, देशी बाजाराची लूट, असं सगळं मी त्यांना दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पत्रकावर बोट ठेवून विचारलं, "ते काय आसंल ते आसू दे. ह्याच्यात शेळीचा भाव कुठं हाय?"

"शेळीचा भाव कशाला पाहिजे?"

"मग कावून वाचील कुनी?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट, दोन बोटं, अर्धं पेर... सौदा होतो. मग दलाल मालकाकडे येऊन तसंच उपरण्याखाली दुसरी बोटं दाबतो. गिऱ्हाइकानं काय दिलं ते मालकाला कळत नाही आणि मालकाला काय मिळालं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. मधलं जे काही आहे ते उपरण्याखालीच राहतं. याला लोक रीत म्हणतात. काही जण परंपराही म्हणतात, त्यावर हळवे लेख लिहितात, फोटो काढतात. मी याला चोरी म्हणतो.

काशीबाई आमच्याच भागातल्या धनगराच्या घरातली. तिच्या दोन शेळ्या एका मंगळवारच्या बाजारात अशाच गेल्या. परतताना ती अप्पांच्या दुकानात पेंड घ्यायला थांबली, आणि तिच्या मागोमाग त्याच शेळ्या दाव्याला धरून घेणाराही तिथंच आला. दोघं एकाच पोत्यावर बसले. बोलता बोलता घेणाऱ्यानं आकडा सांगितला. काशीबाई पेंड न घेताच उठून गेली. अप्पा म्हणायचे, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षं दुकानावर भावाची पाटी लावून बसलो, आणि माझ्या पाटीखाली बसलेल्या बाईला स्वतःच्या शेळीचा भाव ठाऊक नाही. पुढं कधीतरी अंबाजोगाईला डोळे दाखवायला गेले असता त्यांनी इंटरनेट पाहिलं. सरांना एकच प्रश्न विचारला, ह्याच्यावर लिहिलेलं किती जणांना दिसतं. सर म्हणाले, सगळ्यांना. धंदा सुरू झाला तो त्या एका शब्दावर.

धंदा सुरू झाला आणि लोकांनी तो बंद पाडायला सुरुवात केली. दलालांचं सोडा, त्यांचं पोट त्यावर होतं. मी मालकांबद्दल बोलतोय, ज्यांची लूट होत होती त्यांच्याबद्दल. जनावराचा फोटो काढू देईनात, म्हणे दृष्ट लागते. भाव सांगेनात, म्हणे उघडा बोललेला भाव लाभत नाही. अप्पा वही घेऊन दारात गेले की घरधनी आदरानं चहा पाजायचा आणि भावाची गोष्ट निघाली की इकडंतिकडं बघून अप्पांचा हात धरायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबायचा!

"आरं, इंटरनेटला बोटं न्हाईत रं! तोंडानं बोल की!"

"तुमी समजून घ्या अप्पा."

"मी समजलो. माज्या वहीला कसं समजंल?"

पहिलं सबंध वर्ष अप्पांचं यात गेलं. पानावर जनावरं होती आणि भावाच्या जागा रिकाम्या. ज्या माणसानं पहिल्यांदा भाव मोठ्यानं सांगितला तो पुरुष नव्हताच, काशीबाई होती. नवरा टॉवेल शोधत होता. ती अंगणात शेळीचं दूध काढत होती, तिथूनच ओरडली, "लिवा अप्पा! मी सांगते. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ द्या." आणि आकडा सांगितला. शेजारची भिंतीवरून म्हणाली, "येवढे कुठं येतेत व्हय गं?" काशीबाई म्हणाली, "येतेत का न्हाई ते बगू. पर मी काय मागितले ते तरी तुला कळलं ना?"

दुसऱ्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक आलं. सोलापूरकडचा एक दूधवाला जीप करून म्हैस घ्यायला आला. म्हैस दहा दिवसांपूर्वीच बाजारात गेली होती. फोटोचा रोल संपायचा कधी, धुऊन यायचा कधी, अंबाजोगाईला चढायचा कधी... तोवर मालक थोडाच थांबतो? दूधवाला दुकानासमोर उभा राहून ओरडत होता, "अहो, इंटरनेटवर म्हैस उभी आहे, इथं कुठंय?" गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "फोटूलाच दावं लावा आन न्या की!" सगळा चौक हसला. आज पुरस्काराच्या समितीवर आहेत त्यांतले दोघं त्या हसण्यात होते, मला नावं माहीत आहेत. अप्पांनी दूधवाल्याला जेवू घातलं, डिझेलचे पैसे दिले. पुढच्या बुधवारी सरांना सांगितलं की विकलेलं जनावर काढायचं नाही, खाली 'विकली' लिहायचं आणि केवढ्याला विकली तेही.

सर म्हणाले, "अप्पा, विकलेला माल दुकानात कोण ठेवतं?"

"विकलेल्याचाच भाव खरा आस्तो बे. न विकलेल्याचा म्हंजी नुसती हाव."

इथं सगळं फिरलं. त्या पानाचा कागद काढून अप्पांनी दुकानाच्या भिंतीला डकवला. लिंबागणेशकडची माणसंही वाट वाकडी करून येऊ लागली. चार दाती बोकडाचं मागल्या मंगळवारी काय झालं, हे विचारून मगच बाजारात जाऊ लागली. उपरण्याखाली बोटं कमी दाबली गेली तर मालक हात काढून घेऊ लागला. मग मात्र दलाल जागे झाले. पेंडीत माती आहे अशी अफवा उठली, दुकान निम्म्यावर आलं. आणि एका मंगळवारी फाटकावर अप्पांना अडवलं. वही घेऊन आत जायचं नाही. कुठला नियम, कुणी केला, काही नाही. अप्पांनी फाटकाबाहेर पोतं टाकलं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, काय आलं? दहांतले नऊ मान खाली घालून निघून जायचे. असे दीड वर्ष मंगळवार. उन्हाळ्यातसुद्धा.

मी त्या पोत्यावर एकदाही जाऊन बसलो नाही. मंगळवारी माझ्या सभा असायच्या. शोषणावर बोलायचो! एकदा बुधवारी मोठ्या मनानं म्हणालो, "अप्पा, तुमी लई मोठी चळवळ करायलाव." ते एवढे चिडले की सरांनी वळून पाहिलं.

"चळवळ तुजी. माजा धंदा हाय. चळवळीला लोक टाळ्या वाजवतेत आन घरला जातेत. धंद्यात मानसाला परत यावं लागतंय."

आणि माणसं परत येत होती, हे कुणी मंडपात सांगितलं नाही. तो सोलापूरचा दूधवाला परत आला, दोन म्हशी घेऊन गेला आणि भाऊबंदांना पत्ता देऊन गेला. शेवटच्या चार महिन्यांत पानावरून सतरा जनावरं गेली. अप्पांनी शेकडा एक रुपया मोजून घेतला, कुणी जास्त देऊ केला तर परत केला. मंडपात याला 'नि:स्वार्थ सेवा' म्हटलं गेलं. सेवा म्हटलं की बरं पडतं. ज्याची सेवा असते तो गेला की ती संपते. धंदा म्हटलं तर विचारावं लागतं की आता तो चालवायचा कुणी.

आणि चिकाटी! सहा महिन्यांत जे झालं असतं त्याला तीन वर्षं लागली. मधली अडीच वर्षं या लोकांनी खाल्ली, फाटक लावून, हसून, माना खाली घालून. त्या अडीच वर्षांना आता ते अप्पांची चिकाटी म्हणतात. ज्यानं पायात पाय घातला त्यानंच पडणाऱ्याच्या उठण्याचं कौतुक करावं, इतका कोडगेपणा मी आमच्या संघटनेतसुद्धा पाहिलेला नाही, आणि तिथं मी पुष्कळ पाहिला आहे.

त्या रविवारी मंडपात बायकांच्या बाजूला काशीबाई बसली होती. पुरस्काराच्या टाळ्या थांबल्यावर ती उठली. माईक तिला कुणी दिला नाही, तिला लागतही नाही.

"दादा, अप्पांचं येवढं चांगलं वाटतंय तर येत्या मंगळवारी भाव तोंडानं बोलता का?"

म्होरक्या म्हणाला, "बाई, हा दुःखाचा प्रसंग हाय. खाली बसा."

"मला बी दुःखच हाय. म्हनून तर इचारायली."

तिला खाली बसवलं. तिच्या शेजारणीनंच पदर ओढून बसवलं. दोनशे माणसं होती आणि तिच्या बाजूनं एकही उठला नाही... मीही नाही. मी मागं उभा राहून मनातल्या मनात हा लेख लिहीत होतो.

आता दर बुधवारी त्या खुर्चीत मी बसतो. पान चालू आहे. अप्पा गेले त्या आठवड्यात तीन पत्रं येऊन पडली होती. एकाला गाय हवी, दोघांना बोकड. मी उत्तरं दिली, पण भाव काय सांगू? मंगळवारी फाटकाबाहेर मी पोतं टाकून बसलो. अप्पांना दहांतला एक तरी सांगायचा, मला काशीबाईशिवाय कुणी सांगितला नाही. पानावरचे भाव दर आठवड्यानं शिळे होत चालले आहेत. आणखी दोन महिने असेच गेले तर ते खोटे ठरतील, आणि खोटा भाव दाखवणारं दुकान मी स्वतःच्या हातानं बंद करीन.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी या महिन्यात एखादं जनावर विकलं किंवा घेतलं आहे. तुमच्याकडून मला श्रद्धांजली नको, पुरस्काराला देणगी तर नकोच. उद्या पोस्टातून एक कार्ड आणा. त्यावर जनावर कुठलं, किती दाती, कुठल्या बाजारात गेलं आणि तुमच्या हातात नेमके किती आले, एवढं लिहा. तेलगावच्या पेंडीच्या दुकानावर, अप्पांच्या नावानं टाका, पोस्टमनला ठाऊक आहे. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा. नाव लिहायची भीती वाटत असेल तर कार्ड वाया घालवू नका, पण मग अप्पांच्या चिकाटीबद्दल माझ्यासमोर तोंड उघडू नका.