माझी मिशी आणि त्यांचा डोळा

राजाजीनगरातली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या गॅलरीतून चहाचा कप हातात देता येईल. तिथले कानडी गृहस्थ रोज सकाळी डावा डोळा तळहाताने झाकून माझ्याकडे रोखून बघतात. त्यांच्या उजव्या बुबुळावर व्हायरस आहे. औषधाने निजतो, पुन्हा उठतो. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चांगला डोळा झाकून एकच वस्तू बघा, अंधुक दिसली की लगेच या. यांनी माझी मिशी निवडली. मला न विचारता.

"सरी अण्णा, ठीक आहे, केस न् केस दिसतोय!" असं ओरडून ते थेंब घालायला आत जातात.

गेल्या आठवड्यात बायकोच्या हट्टाने मी मिशी काढली. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि बनियनवरच ऑटो पकडून दवाखाना गाठला. डोळ्यात काहीच निघालं नाही. परतल्यावर रस्त्यातूनच माझ्यावर ओरडले, "सांगायचं नाही का हो आधी? वस्तू बदलायची नसते!"

आता मिशी वाढवतोय. "स्वल्प आली," असं रोज कळवतात. बायकोने अबोला धरलाय.

आज ते बाहेर आलेच नाहीत. आत दूध उतू गेलं, तरी मी रिकाम्या गॅलरीसमोर तोंड पुढे करून उभा होतो.